तोच धडा, दहावं वर्ष: शिकवता शिकवता स्वतःचं डोकं चालतं ठेवायला नेमकं काय करावं?

समीकरण_ताई विचारतात:

जिल्हा परिषदेची शाळा, सहावी ते आठवी, गणित आणि विज्ञान. आठवड्याला मोकळे तास दोन, आणि कुणी रजेवर असेल तर तेही जातात. घरी रात्री अर्धा तास निघतो, पण रोज नाही.

अडचण अशी आहे. सातवीचे अपूर्णांक किंवा आठवीचा वर्गमूळाचा भाग आता पुस्तक न उघडता शिकवता येतो. कुठल्या उदाहरणाला मुलं कुठे अडणार, हेही पाठ आहे. शिकवणं बिघडलेलं नाही, पण शिकवताना माझं डोकं काही करत नाही. प्रशिक्षणं होतात, दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावरचे कोर्स होतात, प्रमाणपत्रं येतात. त्यातून माहिती मिळते. एखाद्या गोष्टीवर आपण स्वतः विचार करत बसायची सवय मात्र परत येत नाही.

फोटो काढून गटावर टाकायचा आणखी एक उपक्रम नको आहे. वीस-तीस मिनिटांच्या तुकड्यांत करता येईल, खर्च नसेल, आणि ज्यात खरंच डोकं लागेल असं काय करता येईल? शक्यतो पायऱ्यांसकट सांगा. "वाचन वाढवा" यापुढचं काही हवं आहे. आणि वहीतपासणीचं काय करायचं तेही सांगा, कारण उरलेला वेळ तीच खाते.

---

त्रैराशिक:

ताई, शिक्षकाच्या दिवसातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न असा असतो की त्याचं उत्तर त्याला आधीच माहीत असतं. वर्षानुवर्षं असं चाललं की डोकं गंजतं, आणि त्यावर आणखी माहिती ओतून भागत नाही. स्वतःला उत्तर माहीत नसलेला एक प्रश्न सतत हाताशी लागतो. तो एका ओळीत मांडता यावा, हातानं सुरू करता यावा, आणि वीस मिनिटांनी सोडून तीन दिवसांनी परत उचलता यावा.

गणितात असे प्रश्न कसे असतात ते बघायला लांब जायला नको. द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेत १९६२ पर्यंत शिकवत होते. ६१७४ चा शोध त्यांनी १९४९ मध्ये मांडला, तो शाळामास्तर असतानाच: चार अंक घ्या (चारही सारखे नकोत), उतरत्या क्रमाच्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करत राहा, शेवटी ६१७४ च येतं. आपण मुलांना तो जादूसारखा दाखवतो आणि तिथेच थांबतो. खरं काम त्यापुढे सुरू होतं. पहिले तीन आठवडे पुरेल असा क्रम देतो.

सुरुवात तीन अंकांपासून करा. कोणतेही तीन अंक घ्या, तिन्ही सारखे नकोत. उतरत्या क्रमाची संख्या वजा चढत्या क्रमाची. ६१४ घेतलं तर ६४१ − १४६ = ४९५. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. शेवट कायम ४९५ वर होतो. आता विचारा, का? सर्वांत मोठा अंक अ आणि सर्वांत लहान क धरला तर वजाबाकी होते ९९ × (अ − क). मधला अंक उडूनच जातो! म्हणजे पहिल्या पायरीनंतर फक्त नऊ शक्यता उरतात: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. नऊ गोल काढा आणि कुठून कुठे जातं ते बाण मारा. जास्तीत जास्त सहा पायऱ्या का लागतात ते त्या चित्रातच दिसतं. ही एका बैठकीची गोष्ट झाली.

मग चार अंक. इथे वजाबाकी होते ९९९ × (मोठ्यात मोठा − लहानात लहान) + ९० × (मधल्या दोघांतला फरक). पहिला फरक १ ते ९, दुसरा ० पासून पहिल्याएवढा. जोड्या मोजा: २ + ३ + … + १० = ५४. सगळे अंक सारखे असलेल्या दहा सोडून बाकी ९,९९० संख्यांचं भवितव्य या ५४ चिठ्ठ्यांत मावतं. पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर जोडी आणि तिची वजाबाकी लिहा आणि जमिनीवर बाणांनी मांडा. (६, २) या चिठ्ठीची वजाबाकी ६१७४ आणि ६१७४ ची जोडी पुन्हा (६, २). तिथे सगळे प्रवाह येऊन मिळतात. सातपेक्षा जास्त पायऱ्या कुठेच लागत नाहीत, हे तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून नाही तर स्वतः मोजून म्हणू शकाल.

हमखास चूक एक होते, ती म्हणजे पुढचं शून्य गाळणं. २१११ घ्या: २१११ − १११२ = ०९९९. ते ९९९ लिहिलंत तर पुढे ९९९ − ९९९ = ० आणि खेळ संपला. चार घरं धरलीत तर ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, ८५३२, ६१७४. "माझं उत्तर शून्य येतंय" असं मुलं सांगतात तेव्हा दहातल्या नऊ वेळा हेच झालेलं असतं.

त्यानंतरचा टप्पा मला सगळ्यात आवडतो. तीन अंकांचाच खेळ दशमानाऐवजी अष्टमानात खेळा (पाया दहाऐवजी आठ, अंक फक्त ० ते ७). तिथे ३७४ वर थांबतो. मग पंचमानात खेळा. तिथे तो थांबतच नाही, २४२ आणि १४३ यांच्यात ये-जा करत राहतो. सम पायात एक संख्या आणि विषम पायात जोडी, असं का होतं हे बीजगणितानं दाखवता येतं, आठवीच्या बीजगणितानं. कसं ते मुद्दाम सांगत नाही.

वही कशी ठेवायची तेही महत्त्वाचं आहे. शंभरपानी वही घ्या. डाव्या पानावर आकडेमोड, खाडाखोड, फसलेले रस्ते. उजव्या पानावर फक्त पक्कं झालेलं विधान, पूर्ण वाक्यात. उठताना शेवटची ओळ "पुढच्या वेळी इथून:" अशी लिहा, नाहीतर पुढच्या बैठकीची निम्मी मिनिटं "आपण कुठे होतो" यातच जातात. आणि कमीत कमी पंधरा दिवस उत्तर इंटरनेटवर बघायचं नाही. हा नियम मोडला की प्रश्न मेला.

---

लाल_पेन:

सरांचा प्रश्न सुंदर आहे. पण ताईंची उत्तर माहीत नसलेल्या प्रश्नांची सगळ्यात मोठी खाण त्या वहीतपासणीतच आहे, जिला त्या वेळखाऊ म्हणताहेत. बरोबर-चूक करत गेलं तर तपासणी हे हमालीचं काम आहे. मुलाच्या चुकीचा नियम शोधत गेलं तर ते कोडं आहे, आणि तेही रोज नवं.

मूल सहसा उगाच चुकत नाही. ते एक नियम पाळत असतं, फक्त तो चुकीचा असतो. ४०३ − १७८ चं उत्तर २२५. वर्गात येणारी चुकीची उत्तरं बघा:

३७५ म्हणजे प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं, वर कोण खाली कोण हे बघितलंच नाही.
२३५ म्हणजे शतकातून उसनं घेतलं, शून्याचे दहा केले, पण त्यातला एक एककाला देताना दहाचे नऊ करायचं राहिलं.
२७५ म्हणजे उसनं शतकातून थेट एककात आणलं आणि दशकातल्या शून्याशी पुन्हा "मोठ्यातून लहान" केलं.
३२५ म्हणजे उसनं बरोबर घेतलं, फक्त चाराचे तीन केले नाहीत.

चार उत्तरं, चार वेगळे आजार, आणि लाल पेनची फुली चौघांना एकच. यातल्या ३७५ वाल्याला "हातचा विसरलास" असं सांगून काहीच उपयोग नाही, कारण त्याच्या रीतीत हातचा आलेलाच नाही.

डोकं लागतं ते पुढच्या पायरीला, असं उदाहरण रचायला की ज्यात प्रत्येक चुकीच्या नियमाचं उत्तर वेगळं येईल. हे दिसतं तितकं सोपं नाही. दशांशाचं बघा. "०.३५ आणि ०.७ यांत मोठा कोणता?" हा प्रश्न सगळे विचारतात. "जास्त अंक म्हणजे मोठी संख्या" असं मानणारं मूल ०.३५ म्हणतं आणि सापडतं. पण उलट समजूत असलेलीही मुलं असतात: दशांशचिन्हापुढे जितके जास्त अंक तितके तुकडे बारीक, म्हणून संख्या लहान. ती ०.७ म्हणतात, आपण बरोबरची खूण करतो आणि पुढे जातो. त्यांना पकडायला ०.४८ आणि ०.३ ही जोडी लागते. तिथे ती ०.३ म्हणतात आणि पहिल्या गटातली मुलं चुकीच्या कारणानं बरोबर येतात. म्हणजे दोन्ही जोड्या एकाच चाचणीत हव्यात. तिसरा गट दशांशाला रुपये-पैसे समजणाऱ्यांचा. तो या दोन्ही जोड्यांत बरोबर येतो, म्हणून त्याला ०.५३७ आणि ०.५३ द्या. पैसे दोनच घरांपर्यंत असतात, त्यामुळे तो "सारखेच" म्हणतो किंवा गोंधळतो. तीन प्रश्न, दोन मिनिटं, आणि वर्ग चार गटांत विभागून समोर येतो.

वेळेचा हिशोब असा बसवा. वर्गाचा पट ४० मुलांचा धरला तर रोज ४० वह्या खोल वाचणं शक्य नाही आणि गरजही नाही. रोज ८ वह्या नीट वाचायच्या, म्हणजे पाच दिवसांत फेरी पूर्ण. बाकीच्या ३२ मुलांनी फळ्यावरच्या उत्तरांशी स्वतः ताडून पाहायचं, चुकलेल्या उदाहरणाला गोल करायचा आणि "कुठल्या ओळीत चुकलं" ती ओळ अधोरेखित करायची. तुमची सही आणि तारीख सगळीकडे असेलच. एखाद्या घटकाच्या शेवटच्या चाचणीचे कागद मात्र सगळेच बघा, पण गुण देण्याआधी ढीग करा. एकच उदाहरण घ्यायचं आणि सारखं चुकीचं उत्तर असलेले कागद एकत्र ठेवायचे. दहा मिनिटांत पाच-सहा ढीग होतात. प्रत्येक ढिगावर चिठ्ठी लावायची, "या मुलाचा नियम काय?" एका ढिगाचा नियम सापडला नाही तर त्या मुलाला मधल्या सुट्टीत जवळ बसवून तेच उदाहरण बोलत बोलत करायला सांगायचं. मध्ये दुरुस्त करायचं नाही, हे सगळ्यात अवघड. आपण तिसऱ्या सेकंदाला तोंड उघडतो आणि मूल लगेच आपल्या चेहऱ्याकडे बघून उत्तर बदलतं.

आणि एक सवय, जिच्यानं तोच धडा दरवर्षी वेगळा होतो. तासाला जाण्याआधी टाचणाच्या समासात त्या दिवशी येतील अशी तीन चुकीची उत्तरं लिहून जायची. तास संपला की आली ती उत्तरं ताडायची. "कुठे अडणार ते पाठ आहे" असं ताई म्हणतात. कागदावर आधी लिहून बघा. अंदाज बराच चुकतो, आणि जिथे चुकतो तिथून पुन्हा विचार सुरू होतो.

---

ओळंबा:

वरचं सगळं गणिताचं झालं. विज्ञानाबद्दल लिहितो. विज्ञानाच्या शिक्षकाचं डोकं बोथट होतं ते प्रयोगाचं "यायला हवं ते उत्तर" माहीत असल्यामुळे. माप थोडं चुकलं तरी आपण ते पुस्तकातल्या उत्तराकडे ढकलतो. याला उपाय म्हणजे वर्षातून एक मोजमाप असं करायचं, ज्यात आपली चूक किती हे आपल्यालाच शोधावं लागेल.

माझी शिफारस सावलीची: दोन गावं, एकाच दिवशीची मध्यान्हीची सावली आणि त्यावरून पृथ्वीचा परीघ. प्राचीन ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिसची ही रीत पुस्तकात चार ओळींत असते. प्रत्यक्षात ती करायला घेतली की कळतं त्या चार ओळींत काय काय लपलंय.

गावं शक्यतो एकमेकांच्या उत्तर-दक्षिण हवीत. पुणे आणि कोल्हापूर चालतात: अक्षांश १८.५ आणि १६.७ च्या आसपास, रेखांशात अर्ध्या अंशाहून कमी फरक, उत्तर-दक्षिण अंतर नकाशावर सुमारे २०० किमी. एका ठिकाणी तुम्ही, दुसऱ्या ठिकाणी ओळखीचा एक शिक्षक, बोलणं फोनवर. दिवस निवडताना बरेच जण २२-२३ सप्टेंबर घेतात आणि ढगांत अडकतात. २१-२२ डिसेंबर घ्या. आकाश बहुधा निरभ्र असतं, आणि सावल्या लांब असल्यानं दोन गावांतला फरकही जास्त मिळतो. १ मीटर उंचीला पुण्यात सावली साधारण ८९.९ सेंमी, कोल्हापुरात ८४.३. फरक ५.६ सेंमी. विषुवदिनी हाच फरक साडेतीनवर येतो.

घड्याळात बारा वाजता मध्यान्ह नसते, ही पहिली अडचण. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे, आणि दर अंशाला ४ मिनिटं या हिशोबानं पुणं तिच्या सुमारे ३५ मिनिटं मागे आहे. त्यात सूर्याच्या असमान चालीची दुरुस्ती धरली की २२ डिसेंबरला पुण्यात मध्यान्ह १२:३३ च्या सुमारास आणि कोल्हापुरात १२:३१ ला. पण या आकड्यावर विसंबू नका. १२:१० ते १२:५५ दर पाच मिनिटांनी खूण करा आणि सगळ्यात लहान सावली घ्या.

दुसरी अडचण जास्त मजेची आहे. काठीच्या सावलीचं टोक धूसर असतं. सूर्य म्हणजे बिंदू नाही, आकाशात तो अर्धा अंश रुंद आहे, म्हणून एवढ्या लांबीच्या सावलीचा काठ जमिनीवर दीड सेंटिमीटरहून जास्त पसरतो. मोजायचा फरक ५.६ आणि धूसरपणा १.७, मग उत्तर काय येणार? याला उपाय असा: काठीच्या टोकाला पुठ्ठा आडवा बांधा, त्याला ५ मिमीचं भोक पाडा, आणि सावलीच्या टोकाऐवजी त्या भोकातून जमिनीवर पडणारा उजेडाचा लंबगोल ठिपका धरा. पांढऱ्या कागदावर त्याच्या दोन्ही टोकांना खूण करून मध्य काढला की एक-दोन मिलिमीटरपर्यंत नेमकेपणा येतो. भोक मोठं केलंत तर ठिपका पसरतो, फार बारीक केलंत तर भर उन्हात दिसत नाही. पुठ्ठ्याची सावली मोठी ठेवा म्हणजे ठिपका उठून दिसेल.

तिसरी अडचण, काठी सरळ उभी नसते. ती एक अंश कलली तर कोनात अर्ध्या अंशाहून जास्त चूक, आणि आपण मोजतोय तो फरक जेमतेम १.८ अंशांचा. काठी सरळ करत बसू नका. भोकातून ओळंबा सोडा. ओळंबा जमिनीला टेकतो तो बिंदू म्हणजे तुमचं मूळ, भोकापासून त्या बिंदूपर्यंतची दोरी म्हणजे उंची. काठी मग वाकडी असली तरी बिघडत नाही. जमीन मात्र सपाट हवी. गवंड्याची पाणसळ मिळाली तर उत्तम, नाहीतर शाळेचा लाकडी पाट पाचर मारून समतल करा आणि त्यावर कागद लावा.

मग हिशोब. सावली भागिले उंची, त्यावरून कोन (मोबाइलच्या गणकयंत्रात tan⁻¹ असतं), दोन कोनांचा फरक काढायचा, आणि परीघ = अंतर × ३६० ÷ फरक. २०० × ३६० ÷ १.८२ केलं की ३९,५०० च्या आसपास येतं. आता खरं काम: एका ठिकाणी माप ५ मिमी चुकलं असतं तर? कोन सुमारे ०.१६ अंशानं बदलतो आणि परीघ आठ-नऊ टक्क्यांनी, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटरांनी. हा तक्ता स्वतः करा: २ मिमी, ५ मिमी, १ सेंमी. आपलं उत्तर ४०,००० पासून किती दूर आलं आणि ते दूर येण्याचा आपल्याला हक्क किती होता, हे दोन आकडे शेजारी ठेवले की विज्ञान शिकवण्याची रीतच बदलते. पुढच्या वर्षी जोडीला दुसरं गाव घ्यायचं, म्हणजे अंतरही नवं आणि चुकांचा हिशोबही नवा.

---

लगागा:

मी भाषेच्या बाजूनं लिहिते, आणि गणिताच्या ताईंना हे मुद्दाम सुचवते, कारण आपल्या विषयाबाहेर नवशिक्या होऊन बसल्याशिवाय "समजत नाही" म्हणजे काय ते विसरायला होतं.

वृत्तात एक ओळ लिहायची, बस्स. भुजंगप्रयात घ्या, मनाच्या श्लोकांचं वृत्त, चाल कानात असतेच. बारा अक्षरं, लघु-गुरु-गुरु चार वेळा: लगागा लगागा लगागा लगागा. आशय काहीही चालेल, शाळेतलाच असू द्या. "मुलांना विचारा फळा का पुसावा" हे मोजून बघा: मु-लां-ना, वि-चा-रा, फ-ळा-का, पु-सा-वा. बसलं. आता त्याच जागी "विद्यार्थ्यांना विचारा" घालून बघा. पहिलंच अक्षर फसतं, कारण "वि" ऱ्हस्व असला तरी पुढच्या "द्या" या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो आणि तो गुरु होतो. नवख्यांचं नव्वद टक्के इथेच चुकतं. दुसरी चूक अनुस्वाराची: "अंक" मधला "अं" गुरु आहे, पण "मुलांनी" मध्ये अनुस्वारानं काही बदलत नाही, "लां" आधीच गुरु होता. रोज एक ओळ, बसमध्ये, बोटांवर मोजत. ओळ सुंदर व्हायची गरज नाही. एक शब्द काढून तिथे त्याच वजनाचा दुसरा शोधताना मराठीतले जे शब्द डोळ्यांसमोरून जातात, तोच खरा व्यायाम आहे.

आणि ताई, यात तुमचं गणितही आहे. लघु म्हणजे एक मात्रा, गुरु म्हणजे दोन. चार मात्रांचे किती आकृतिबंध होतील? गागा, गालल, लगाल, ललगा, लललल. पाच. पाच मात्रांचे आठ, सहांचे तेरा. शेवटचं अक्षर लघु असेल तर आधी एक मात्रा कमी, गुरु असेल तर दोन कमी, म्हणून प्रत्येक संख्या आधीच्या दोघींची बेरीज. आठ मात्रांचे ३४. जैन पंडित हेमचंद्रानं बाराव्या शतकात छंदशास्त्रात हे सांगितलं; ज्याच्या नावानं हा क्रम आज ओळखला जातो त्या इटलीच्या फिबोनाचीचं पुस्तक १२०२ चं. मुलांसमोर टाळी आणि चुटकीनं हे करता येतं: चुटकी एक मात्रा, टाळी दोन. सहा मात्रांपर्यंत मुलं स्वतः यादी करतात. सातला यादी फसायला लागते, आणि तिथेच "यादी न करता कसं सांगशील?" हा प्रश्न टाकायचा. पाचलाच टाकला तर कुणाला गरज वाटत नाही.

---

दोनशिक्षकी:

छान चाललंय, पण वर सुचवलेलं सगळं एकदम सुरू केलं तर तिसऱ्या आठवड्यात सगळंच सुटेल. एका सत्रात एकच घ्या. पहिल्या सत्रात कागद-चिठ्ठ्या किंवा चुकांचे ढीग, डिसेंबरात सावली. सत्राच्या शेवटच्या पंधरवड्यात, संकलित मूल्यमापनाच्या आणि ऑनलाइन नोंदींच्या गडबडीत, काही करायचं नाही असं आधीच ठरवून टाका, म्हणजे सुटल्याची रुखरुख राहत नाही.

मोकळ्या तासाचं: स्टाफरूममध्ये बसलं की तो तास जातो. रिकाम्या वर्गात किंवा ग्रंथालयाच्या कपाटाशी बसा, मोबाइल दप्तरात.

आणि एकट्यानं करू नका. आपल्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शिक्षकांची शिक्षण परिषद दर महिन्याला असतेच. त्यात जपानी शाळांतल्या पाठ-अभ्यासाची रीत छोट्या रूपात बसवता येते. तीन शिक्षक मिळून एकच पाठ आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे दोघे शिक्षकाकडे बघतच नाहीत. प्रत्येकानं चार मुलं वाटून घ्यायची आणि त्यांनी काय लिहिलं, कधी खोडलं, कधी शेजाऱ्याच्या वहीत डोकावलं एवढंच टिपायचं. नंतरच्या चर्चेत "तुम्ही छान शिकवलंत" हे वाक्य बंद. बोलणं फक्त त्या टिपणांवरून. ही अट घातली नाही तर पाठ-अभ्यासाचा नमुना पाठ होतो, आणि नमुना पाठात कुणाचंच डोकं चालत नाही. लाल_पेन यांचा दशांशाचा तीन जोड्यांचा प्रश्नसंच पहिल्या पाठाला अगदी योग्य आहे.

---

समीकरण_ताई:

सगळ्यांचे आभार. ५४ चिठ्ठ्यांपासून सुरुवात केली आहे. त्रैराशिक सर, उत्तर नको, फक्त दिशा सांगा: पाच अंकांनाही असाच एक शेवट असतो का? मी घेतलेल्या दोन संख्या दोन वेगळ्या ठिकाणी जाताहेत आणि माझी वजाबाकी चुकतेय की खरंच तसं आहे हे कळत नाही. एक ५३९५५ आणि ५९९९४ मध्येच फिरते आहे.

---

त्रैराशिक:

वजाबाकी बरोबर आहे. पाच अंकांना एक शेवट नाही, फेरे आहेत. तुम्हाला सापडला तो दोघांचा. आणखी किती आहेत ते सांगत नाही. वजाबाकी तपासायची सोपी खूण: प्रत्येक उत्तराला ९ नं भाग जायलाच हवा, कारण दोन्ही संख्यांचे अंक तेच आहेत. त्यामुळे अंकांची बेरीज बघत चला. आणि इथेही सूत्र लिहा आधी: मधला अंक तीन अंकांसारखाच उडतो, ९९९९ आणि ९९० चे गुणक उरतात, म्हणजे जोड्या पुन्हा ५४ च. त्याच चिठ्ठ्या वापरता येतील. फक्त मागच्या बाजूला नवी वजाबाकी लिहा, आणि पाच घरं धरा.